एलसीडी पॅनेलचे अतिनील संरक्षण

घरी बनवलेल्या प्रोजेक्टरमध्ये दिव्याचा प्रखर प्रकाश एलसीडी पॅनेलमधून जातो आणि भिंगाद्वारे पडद्यावर पडतो. मेटल हॅलाइड दिवा दृश्य प्रकाशाबरोबर 400 नॅनोमीटरहून कमी तरंगलांबीचे अतिनील किरणही सोडतो. पॅनेलमधील द्रवस्फटिक आणि ध्रुवक पापुद्रे सेंद्रिय असल्याने या किरणांनी त्यांचे रासायनिक बंध तुटतात. चित्र पिवळसर पडते, डाग येतात. ही हानी भरून निघत नाही.

त्यासाठी दिवा आणि पॅनेल यांच्यामध्ये अतिनीलरोधक काच बसवतात. खिडकीची साधी काच 350 ते 400 नॅनोमीटरमधले बरेच किरण जाऊ देते, म्हणून ती पुरत नाही. उष्णता अडवायला अवरक्तरोधक काच आणि पंखा वेगळा लागतो. उन्हाळ्यात पारा 40 अंशांच्या आसपास जातो, तेव्हा प्रोजेक्टरच्या पेटीत खेळती हवा हवीच. पंख्यासोबत येणारी धूळ पॅनेलवर बसली तर पडद्यावर मोठी होऊन दिसते. म्हणून हवेच्या वाटेवर जाळी लावावी.

पांढऱ्या एलईडीतून अतिनील किरण नगण्य निघतात, त्यामुळे तिथे अतिनीलरोधक काच सहसा लागत नाही. मेटल हॅलाइड दिव्याचे बाहेरचे कवच तडकल्यास वीज लगेच बंद करावी. कारण मग बाहेर पडणारे अतिनील किरण डोळ्यांना आणि त्वचेला इजा करतात.