गालिच्याच्या गाठी मोजताना

हिंदमाताला कपडा घ्यायला गेलात तर एक गोष्ट हमखास दिसेल. साडीचा काठ कितीही झळाळता असो, जाणती बाई आधी पदर उलटा करून पाहते. सुटे धागे किती, वीण घट्ट आहे का, हे मागच्या बाजूलाच कळतं. गालिच्याचंही तसंच. पुढून नक्षी दिसते, मागून गाठी. आज त्या गाठींचा इतिहास सांगते. पीएचडीला लागण्याआधी तो मला माहीत असता, तर माझं एक वर्ष वाचलं असतं.

आकडा नेमकं काय सांगतो?

हातविणीच्या गालिच्यात उभ्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारतात. वर राहिलेली टोकं कापली की लव तयार होते. एका चौरस इंचात किती गाठी, हा दर्जाचा सगळ्यात प्रसिद्ध आकडा. उत्तर प्रदेशात भदोहीकडे तो वेगळ्या रीतीने लिहितात, उदाहरणार्थ ९/५४. पहिला आकडा ०.९ इंच रुंदीतल्या गाठींचा, दुसरा ४.५ इंच लांबीतल्या. भागाकार करून बघा: १० आणि १२, म्हणजे चौरस इंचाला १२० गाठी.

गाठी जास्त तर नक्षी बारीक आणि विणायला वेळ जास्त. इथपर्यंत ठीक. पण 'म्हणून गालिचा जास्त टिकेल' हे यातून आपोआप निघत नाही. टिकणं हे लोकर कोणती, लव किती उंच आणि दाट, रंग कसा चढवलाय, यावरही ठरतं. गाठी मोजायला पट्टी आणि डोळे पुरतात. लोकरीचा चिवटपणा असा दुकानात उभ्या उभ्या मोजता येत नाही. म्हणून सोपा आकडा पुढे येतो आणि हळूहळू तोच 'दर्जा' म्हणून ओळखला जातो.

बर्डवुड यांची तक्रार

हिंदमाताहून आंबेडकर रस्त्याने लालबाग मागे टाकून भायखळ्याला या. राणीच्या बागेत डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे, १८७२ मध्ये लोकांसाठी खुलं झालेलं. ते उभं राहावं म्हणून झटलेल्यांत भाऊ दाजींबरोबर एक डॉक्टर होते, जॉर्ज बर्डवुड. जन्म बेळगावचा, ग्रँट मेडिकल कॉलेजात प्राध्यापक. १८८० साली त्यांचं 'द इंडस्ट्रियल आर्ट्स ऑफ इंडिया' हे पुस्तक आलं. त्यात त्यांनी तुरुंगात विणल्या जाणाऱ्या गालिच्यांवर कडक टीका केली. कैद्यांच्या स्वस्त श्रमामुळे परंपरागत विणकर मागे पडतात आणि कलाही घसरते, असं त्यांचं म्हणणं. असे तुरुंग आपल्याकडेही होते. पुण्याच्या येरवडा तुरुंगात विजापूरच्या असर महालातल्या जुन्या गालिच्यांच्या नकला विणल्या गेल्या.

आता दुसरी बाजू बघा. आग्र्याच्या तुरुंगात विणलेला एक प्रचंड गालिचा १८९४ मध्ये इंग्लंडच्या विंडसर राजवाड्यात गेला. १९९२ मध्ये तिथे आग लागली तेव्हा तो बाहेर काढायला सुमारे पन्नास सैनिक लागले, असं सांगतात. शंभर वर्षं होत आली तरी गालिचा शाबूत होता.

मग बर्डवुड चुकले का? नाही. त्यांचा प्रश्न कलेचा आणि विणकराच्या पोटाचा होता. विंडसरचा गालिचा टिकाऊपणाच्या प्रश्नाचं उत्तर देतो. 'दर्जा' हा एकच शब्द दोन्ही प्रश्नांना वापरला की भांडण होतं आणि कुणीच जिंकत नाही.

तुडवून बघणं

विसाव्या शतकात टिकाऊपणा प्रयोगशाळेत आला. 'हेक्सापॉड' नावाच्या चाचणीत फिरत्या पिंपात आतून गालिच्याचा तुकडा लावतात आणि सहा पायांचा एक जड गोळा त्यावर हजारो फेरे लोळवतात. म्हणजे वर्षानुवर्षांची पावलं काही तासांत. मग मूळ तुकडा शेजारी ठेवून १ ते ५ गुण देतात. ५ म्हणजे रूप बदललंच नाही. उन्हात रंग किती टिकतो याची पट्टी वेगळी, १ ते ८. एका अंकात सगळं मावत नाही, हे इथे मान्य केलेलं आहे.

माझी चूक इथलीच. मी धाग्यांवरच्या लेपावर काम करते. पहिलं वर्षभर मी धागा ताणून तुटायला किती जोर लागतो तेच मोजलं, कारण ते यंत्र रिकामं असायचं. आलेख सुंदर आले. गाइडनी एकच विचारलं, "तुझा धागा वापरात तुटतो की झिजतो?" तो झिजतो. वर्षाची वही बाजूला ठेवावी लागली.

गाठीमागचे हात

सोपा आकडा नेहमीच निरुपद्रवी नसतो. गालिच्याच्या धंद्यात बालमजुरीचं समर्थन बरीच वर्षं असं व्हायचं: बारीक गाठीला कोवळी, चपळ बोटंच लागतात. म्हणजे गाठींचा आकडा मुलांना मागावर बसवण्याची सबब झाला. १९९० च्या दशकात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेसाठी संशोधकांनी भारतातल्या गालिचा उद्योगात हा दावा तपासला. तो टिकला नाही. सगळ्यात बारीक विणीचं काम मुलांशिवायही होतच होतं. १९९४ मध्ये कैलाश सत्यार्थी यांच्या पुढाकाराने 'रगमार्क' सुरू झालं आणि गालिचा बालमजुरीशिवाय विणलाय का, याची खूण त्यावर लागू लागली. हातांचा प्रश्न बर्डवुड यांनी वेगळ्या रूपात विचारलाच होता. त्याला लेबल मिळायला शंभरावर वर्षं लागली.

तेव्हा सिनॉप्सिस लिहायला बसाल तेव्हा एवढं करा. जे मोजणार आहात ते एका ओळीत लिहा, जे जाणून घ्यायचंय ते दुसऱ्या ओळीत. दोन ओळींमध्ये अंतर असेल तर ते कसं भरणार, हे तिसऱ्या ओळीत. तिसरी ओळ जमत नसेल तर यंत्राचं बुकिंग करू नका. आधी पदर उलटा करून बघा.