कुरणातली शाळा

१९४५ साली तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला दोन घटना घडल्या. शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वारली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. आणि त्याच वर्षी समुद्रकाठच्या बोर्डी गावी ताराबाई मोडक यांनी ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. पहिल्या घटनेचा आवाज दूरवर गेला. दुसरीचे काम पाण्यासारखे जमिनीत मुरत राहिले.

अनुताई वाघ बोर्डीपासूनच ताराबाईंसोबत होत्या. बालवाडी उघडली, तरी गोरगरिबांच्या वस्तीतील मुले तिच्याकडे फिरकेनात. तेव्हा या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने बाजूला ठेवून शंखशिंपले, बिया, पाने आणि खडे यांवर शिक्षण सुरू झाले. १९५७ मध्ये हे कार्य डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या टेकडीवर, वारल्यांच्या पाड्यांजवळ गेले.

‘आदिवासींना शिक्षणाची आवडच नसते,’ असे म्हणून सुशिक्षित समाज मोकळा होत असे. कोसबाडने मात्र वेगळा प्रश्न विचारला : शाळेची घंटा होते तेव्हा हे मूल कोठे असते? उत्तर सोपे होते. मुलगा गुरांमागे रानात असे आणि मुलगी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन घर राखीत असे. मग शिक्षक गुरांमागे गेले. गुरे चरत असताना मुले शिकू लागली. हीच कुरणशाळा. मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणली गेली. तिला विकासवाडी म्हणत. कडेवरचे भावंड आता शाळेच्या आड येणार नव्हते.

१९७५ मध्ये एकात्मिक बालविकास योजना आली आणि ‘अंगणवाडी’ हा शब्द देशभर पोहोचला. शब्द पोहोचला; त्यामागचा प्रश्न तितका पोहोचला का? घरात वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकातली मराठी आजही पहिल्या दिवशी परकी वाटते. त्याचे गप्प बसणे मठ्ठपणाचे लक्षण मानले जाते आणि पुढे त्याची गळती केवळ आकडा बनून अहवालात जाते.

दुर्बलाला ‘मुख्य प्रवाहात आणणे’ हा आपला आवडता शब्दप्रयोग. त्यात चालत येण्याचे सारे कष्ट त्या मुलाच्याच वाट्याला येतात. कोसबाडच्या त्या दोन स्त्रियांनी ते अंतर स्वतः चालून कापले. सामावून घेणे म्हणजे काय, याचे याहून सरळ उत्तर आपल्याजवळ आहे काय?