ईथरनेट-जाळ्यातील चक्रनिवारण व वाहतूक-मर्यादा

संगणक-जाळ्यांचा इतिहास सांगताना वेग आणि विस्तार यांचीच नोंद प्रामुख्याने केली जाते. उपलब्ध मार्गांपैकी काही मार्ग जाणीवपूर्वक बंद ठेवण्याची जी विद्या त्याच काळात घडली, तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष त्या मानाने कमीच गेले आहे. आज एखाद्या संस्थेतील स्विचची मांडणी करताना दोन प्रकारच्या आज्ञा दिल्या जातात. पहिली लूप, म्हणजे तारांचे बंद चक्र, निर्माण होऊ देत नाही. दुसरी प्रत्येक पोर्टवरील वाहतुकीला मर्यादा घालते. वरवर पाहता या दोन स्वतंत्र सोयी वाटतात. वस्तुतः पहिलीच्या पायाशी असलेल्या एका गृहीतकाचे उणेपण जसजसे अनुभवास येत गेले, तसतसे दुसरीचे महत्त्व वाढत गेले. ते गृहीतक असे की, ज्या वाटेने काहीच ऐकू येत नाही, ती वाट उघडण्यास हरकत नाही.

रॉबर्ट मेटकाफ यांनी झेरॉक्सच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात २२ मे १९७३ रोजी लिहिलेल्या टिपणात ईथरनेटची कल्पना मांडली. १९८० मध्ये डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या तीन कंपन्यांनी तिचे दहा मेगाबिट वेगाचे विवरण प्रसिद्ध केले. सर्व यंत्रांनी एकाच तारेवर बोलावयाचे व सर्वांनी ते ऐकावयाचे, अशी ही रचना होती. तारेचा एक खंड ५०० मीटरांचा आणि एकूण यंत्रे फार तर १,०२४. अशा व्यवस्थेत संदेश फिरून परत येण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. म्हणून ईथरनेटच्या फ्रेममध्ये 'किती टप्पे झाले' हे मोजणारा रकाना ठेवलेला नाही. १९८१ च्या इंटरनेट प्रोटोकॉलात असा आठ बिटांचा आयुर्मर्यादेचा रकाना आहे. भरकटलेले पॅकेट त्यामुळे केव्हातरी मरतेच. ईथरनेटच्या फ्रेमला मरण नाही. याचा दोष मूळ कल्पकांना देणे अन्यायाचे होईल. एका तारेसाठी केलेली रचना पुढे अनेक तारांवर ताणली गेली, हे त्या अडचणीचे मूळ होय.

परंतु चक्र केवळ तारांचेच असते असे नाही. ते तर्काचेही असू शकते. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अमेरिकेतील आर्पानेट हे जाळे कित्येक तास निरुपयोगी झाले, त्याचे कारण हेच होते. एरिक रोझेन यांनी १९८१ मध्ये लिहिलेला त्याचा अहवाल आजही वाचण्याजोगा आहे. प्रत्येक केंद्र आपल्या तारांची स्थिती सांगणारा संदेश सर्वत्र पाठवी व त्यावर सहा बिटांचा अनुक्रमांक असे. अंक संपले की पुन्हा शून्यापासून मोजणी सुरू होत असल्यामुळे, कोणता अंक 'नवा' हे दोहोंतील अंतरावरून ठरे. यंत्रातील बिघाडामुळे बिट गळाले आणि एकाच केंद्राच्या नावाने ८, ४० व ४४ असे तीन अंक असलेले संदेश जाळ्यात शिरले. द्विमान पद्धतीने लिहिल्यास १०११००, १०१००० आणि ००१००० असे हे अंक आहेत; प्रत्येक पायरीला एकेक बिट गळालेला स्पष्ट दिसतो. नियमाप्रमाणे ४० हा ८ पेक्षा नवा, ४४ हा ४० पेक्षा नवा, आणि अंतर ३२ हून अधिक असल्यामुळे ८ हा पुन्हा ४४ पेक्षा नवा ठरला. तिन्ही संदेश एकमेकांची जागा घेत अविरत फिरत राहिले. त्या एका केंद्राच्या नावाने येणारे संदेश दुर्लक्षावेत, अशी दुरुस्ती प्रत्येक यंत्रात करावी लागली.

या घटनेपासून बोध घेऊन मार्गविषयक माहिती सुरक्षितपणे कशी पसरवावी यासंबंधी १९८३ मध्ये निबंध लिहिणाऱ्या रेडिया पर्लमन या त्यावेळी डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये होत्या. तेथेच मार्क केम्फ यांनी दोन ईथरनेट-तारांना जोडणारा ब्रिज, म्हणजे सेतू, तयार केला होता. तो एका तारेवरील फ्रेम ऐके व दुसरीवर जशीच्या तशी सोडी. एक सेतू बंद पडला तर दुसरा असावा म्हणून दोन तारांमध्ये अधिक सेतू बसवणे स्वाभाविक होते, आणि नेमका तेथेच घात होता. तीन सेतू असतील तर एका ब्रॉडकास्ट फ्रेमच्या, म्हणजे सर्वांना उद्देशून पाठवलेल्या फ्रेमच्या, पलीकडे तीन प्रती होतात, त्यांतील प्रत्येक प्रत उरलेले दोन सेतू परत आणतात, म्हणून सहा, मग बारा. तार भरून जाईपर्यंत ही दुप्पट थांबत नाही. यालाच पुढे 'ब्रॉडकास्ट स्टॉर्म' हे नाव रूढ झाले.

पर्लमन यांचे वरिष्ठ टोनी लॉक यांनी यावर उपाय शोधण्यास सांगितला. जाळे कितीही वाढले तरी प्रत्येक सेतूला लागणारी स्मृती वाढू नये, ही अट अशक्यप्राय वाटावी अशी होती; पर्लमन यांनी पुढे सांगितल्याप्रमाणे उत्तर त्यांना त्याच रात्री सुचले. १९८५ मध्ये ते निबंधरूपाने प्रसिद्ध झाले. प्रत्येक सेतू प्रथम स्वतःलाच मूळ समजतो व तसे पुकारतो. आपल्यापेक्षा लहान ओळख-क्रमांक ऐकू आला की तो दावा सोडून देतो. अखेरीस एकच मूळ उरते. मग प्रत्येक सेतू मुळाकडे जाणारी जवळची वाट राखतो, प्रत्येक तारेसाठी एकच सेतू नेमला जातो आणि बाकीचे पोर्ट मौन धारण करतात. उरतो तो स्पॅनिंग ट्री : सर्वांना जोडणारा, पण चक्र नसलेला वृक्ष. या वृक्षाची गल्लत ओताकार बोरूवका यांनी १९२६ मध्ये मोराव्हियातील वीजपुरवठ्यासाठी मांडलेल्या किमान-खर्चाच्या वृक्षाशी पुष्कळदा केली जाते. ती चूक आहे. पर्लमन यांच्या वृक्षात एकूण लांबी किमान असण्याची हमी नाही. मुळापासूनचे अंतर तेवढे किमान असते.

१९९० मध्ये ही पद्धती आय-ट्रिपल-ई संस्थेच्या ८०२.१डी या मानकात आली. मूळ ठरवणाऱ्या अग्रक्रमाचे आरंभीचे मूल्य सर्व यंत्रांत ३२,७६८ असते. व्यवस्थापकाने ते बदलले नाही तर निवड कारखान्यात दिलेल्या पत्त्यावरून होते, आणि लहान पत्ता बहुधा जुन्या यंत्राचा असतो; म्हणजे अडगळीतल्या एखाद्या थकलेल्या स्विचकडे, केवळ वडीलपणामुळे, सर्व घराचा कारभार जातो.

गृहीतकाचा प्रश्न मात्र याहून गंभीर होता. मूळ दर दोन सेकंदांनी आपल्या अस्तित्वाची खूण पाठवते. वीस सेकंद ती ऐकू आली नाही, तर बंद पोर्ट दोन टप्प्यांत, पंधरा-पंधरा सेकंदांनी, उघडू लागतो. तार तुटली असेल तर हे योग्यच आहे. पण तार शाबूत असून पलीकडचा स्विच कामाच्या ओझ्याने बोलू शकत नसेल, तर त्याच नियमाने बंद दार उघडते, चक्र पूर्ण होते आणि ओझे अनेकपट वाढते. बॉस्टन येथील बेथ इस्रायल डीकनेस वैद्यकीय केंद्रात १३ नोव्हेंबर २००२ रोजी घडलेला प्रसंग या जातीचा होता. सेतूंची साखळी सातांहून लांब नसावी, ही मानकातील शिफारस तेथील जाळ्याने वाढता वाढता ओलांडली होती. एका संशोधन-प्रकल्पातील माहितीच्या लोंढ्याने मध्यवर्ती स्विच व्यापला गेला, तो इतरांस उत्तर देईना, आणि संकटकाळासाठी ठेवलेले राखीव घटकच त्याची जागा घेण्यास सरसावून संदेश फिरवत राहिले. सुमारे चार दिवस रुग्णालयाचा व्यवहार कागदावर चालला. हाताने औषधपत्र लिहिण्याचा सराव नसलेल्या तरुण डॉक्टरांना ते नव्याने शिकावे लागले. संस्थेने हा प्रसंग लपवला नाही. मार्च २००३ मध्ये त्याची चिकित्सा एका प्रमुख वैद्यकीय नियतकालिकात आली.

वाहतूक-मर्यादेचे मोल अशा प्रसंगी कळते. तिची तात्त्विक मांडणी वेगळ्या क्षेत्रातून आली होती. जोनाथन टर्नर यांनी १९८६ मध्ये गळक्या बादलीची उपमा देऊन, येणारा प्रवाह कितीही उसळला तरी पुढे जाणारा ठराविक कसा राखता येईल हे दाखवले. स्विचवरील 'स्टॉर्म कंट्रोल' याहून ओबडधोबड आहे : ठराविक कालखंडात, बहुधा एका सेकंदात, पोर्टवर आलेल्या ब्रॉडकास्ट फ्रेम मोजावयाच्या व मर्यादेपलीकडच्या टाकून द्यावयाच्या. त्याने चक्र तुटत नाही. रोग कायम राहून केवळ ताप उतरावा, तसे ते आहे. किंबहुना मर्यादा सैल असेल तर चक्र महिनोन्‌महिने लपून राहू शकते. उलट ती फार कडक असेल तर पत्ता विचारणाऱ्या नित्याच्या फ्रेमही मारल्या जातात. तरीही स्विचच्या मेंदूला बोलण्यापुरता श्वास मिळणे ही मोठी गोष्ट होय, कारण तो बोलत राहिला तरच पलीकडचा पोर्ट बंद राहतो.

२००१ च्या ८०२.१डब्ल्यू या सुधारणेने पोर्ट उघडण्यापूर्वी शेजाऱ्याची संमती घेण्याची रीत आणली व पन्नास सेकंदांची प्रतीक्षा बहुतेक प्रसंगी संपवली. पण पर्यायी पोर्टाबाबत मौनाचा जुना अर्थ टिकूनच राहिला. तीन खुणा चुकल्या की दार उघडते. तो अर्थ उलटवणारी 'लूप गार्ड' ही सोय स्विच-उत्पादकांनी दिली : ऐकू येईनासे झाले तर पोर्ट उघडावयाचा नाही, अडवून ठेवावयाचा.

स्वतः पर्लमन सेतूंकडे तात्पुरती सोय म्हणूनच पाहत असत. २००४ मध्ये त्यांनी वृक्षाचे बंधन काढून टाकणारी नवी पद्धती सुचवली. २०११ मध्ये ती 'ट्रिल' या नावाने मानकरूप झाली. तीत ईथरनेटच्या फ्रेमभोवती आणखी एक वेष्टन येते, आणि त्या वेष्टनात टप्पे मोजणारा सहा बिटांचा रकाना आहे. मात्र ट्रिलचा प्रसार मर्यादितच राहिला. बाजारातील व्यवस्थापनक्षम स्विचांत आजही स्पॅनिंग ट्री असतो.