कूपे : पुढचे आसन आणि मागचे आसन

'कूपे' हा शब्द आपल्या पिढीला रेल्वेने शिकवला. प्रथम वर्गाच्या डब्यात चार शायिकांच्या कक्षांबरोबर दोन शायिकांचा एखादा लहान कक्ष असे, त्याला कूपे म्हणत. इंदूरहून मुंबईला जाताना एखाद्या नवविवाहित जोडप्याला तो मिळाला, तर परतल्यावर त्याचे वर्णन घरात चार दिवस चाले. या शब्दाचा मोटारीशी काही संबंध असेल, हे माझी शासकीय नोकरी संपत येईपर्यंत ध्यानात आले नव्हते. २०१२ मध्ये रजा घेऊन आम्ही उभयता अमेरिकेत ओहायो राज्यातील कोलंबस येथे मुलाकडे गेलो, तेव्हा त्याच्या दोन दारांच्या मोटारीमुळे हा शब्द पुन्हा भेटला. तिकडे त्याचा उच्चार 'कूप' असा करतात. पुढे निवृत्तीनंतर सवड मिळाली आणि या शब्दाच्या मागे मागे जात राहिलो. त्या प्रवासाचा हा वृत्तान्त आहे.

फ्रेंच भाषेत 'कूपे' म्हणजे कापलेला. युरोपात सतराव्या शतकात बर्लिन शहराच्या नावाने ओळखली जाणारी एक चारचाकी घोडागाडी प्रचारात आली. तिच्यात समोरासमोर दोन बाके असत आणि चार माणसे बसत. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये तिचा पुढचा भाग कापून, म्हणजे मागे तोंड करून बसण्याचे बाक काढून टाकून, दोघांपुरती आटोपशीर गाडी तयार करण्यात आली. ती 'कापलेली बर्लिन', म्हणजेच कूपे. रेल्वे आल्यावर एकाच बाजूला बाक असलेल्या अर्ध्या कक्षालाही तेच नाव मिळाले. इंग्लंडमध्ये १८३८ च्या सुमारास लॉर्ड ब्रूम यांनी अशाच घाटाची एक हलकी बंद गाडी करवून घेतली आणि ती त्यांच्याच नावाने प्रसिद्ध झाली.

या घोडागाडीत मालक मागे, बंद आणि उबदार जागेत बसे. सारथी बाहेर उंचावर, थंडीवाऱ्यात. जो भाग कापला गेला तो पाहुण्यांच्या बाकाचा होता. मालकाच्या आसनाला कोणी हात लावला नव्हता. पुढे मोटार आली आणि विसाव्या शतकात मध्यमवर्गीय मालक स्वतःच गाडी चालवू लागला. मालक पुढे सरकला, तशी काटछाटही जागा बदलून मागे सरकली. दोन दारे काढली गेली ती मागची, आणि छत उतरते केले गेले ते मागच्या प्रवाशाच्या डोक्यावर. नाव तेच राहिले आणि मालकाचे आसन सुरक्षित ठेवण्याची रीतही तीच राहिली.

मध्यम आकाराच्या कूपेचा खरा उत्कर्ष अमेरिकेत झाला. फोर्ड कंपनीने १९५५ सालासाठी 'थंडरबर्ड' ही दोन आसनांची मोटार आणली. तिचे कौतुक पुष्कळ झाले, पण खप मर्यादित राहिला. पुढे जे अमेरिकेचे संरक्षणमंत्री आणि नंतर जागतिक बँकेचे अध्यक्ष झाले, ते रॉबर्ट मॅक्नमारा तेव्हा फोर्डमध्ये अधिकारी होते. आकडेमोडीत त्यांचा हातखंडा होता. या गाडीला मागे आसन हवे, असा त्यांचा आग्रह होता. १९५८ ची थंडरबर्ड चार आसनांची झाली. १९५७ मध्ये सुमारे २१ हजार गाड्या निघाल्या होत्या, त्या १९५८ मध्ये सुमारे ३८ हजारांवर गेल्या. दारे मात्र दोनच राहिली. ग्राहकाला मागचे आसन हवे होते, पण ते रोज वापरण्यासाठी नव्हे, गरजेला असावे म्हणून. आपल्याकडे पाहुण्यांसाठी राखलेल्या खोलीसारखेच ते होते.

यानंतर १९७० सालासाठी शेव्हरोलेची 'मॉन्टे कार्लो' आली. लांबलचक नाक, आखूड पाठ, मखमली आसने, छतावर कातड्यासारखे आवरण, असा हा थाट होता. महागड्या गाडीचा दिमाख मध्यम किमतीत मिळे, आणि तेच तिचे आकर्षण होते. १९७६ मध्ये अमेरिकेत सर्वाधिक खपलेली मोटार ओल्ड्समोबिलची 'कटलस' होती, आणि त्या मालिकेत दोन दारांच्या 'कटलस सुप्रीम'चा वाटा मोठा होता. याच काळात जनरल मोटर्सच्या अशा गाड्यांतील मागच्या खिडक्या बंदच बसवलेल्या असत, त्या खाली करता येत नसत. मागच्या प्रवाशाची हवा अशा रीतीने कमी झाली, तरी खपावर परिणाम झाला नाही. गाडी विकत घेण्याचा निर्णय पुढे बसणारा करीत असतो.

तेलसंकटानंतर अमेरिकन ग्राहक लहान, काटकसरी गाड्यांकडे वळला आणि जपानी कंपन्यांना वाव मिळाला. होंडाने नोव्हेंबर १९८२ मध्ये ओहायोतील मेरिसव्हिल येथे 'अकॉर्ड' बनवण्यास आरंभ केला. १९८८ सालासाठी याच कारखान्यात अकॉर्डची कूपे तयार झाली आणि त्याच वर्षी ती जपानला निर्यातही झाली. जपानी नावाची गाडी अमेरिकेत बनून जपानमध्ये विकली जावी, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. टोयोटाने काही वर्षे 'कॅमरी'ची कूपे काढून पाहिली आणि १९९८ मध्ये 'सोलारा' या नावाने तिला वेगळे रूप दिले. पहिली सोलारा कॅनडात, तर २००३ मध्ये आलेली दुसरी केंटकी राज्यातील कारखान्यात बनली. पुढची दहा वर्षे मध्यम कूपेचा विचार करणाऱ्याच्या मनात हीच दोन नावे प्रथम येत.

इथे आमचे घर या इतिहासात येते. मुलाकडे २००४ ची अकॉर्ड कूपे होती, जुनी म्हणून विकत घेतलेली. त्याचा एक सहकारी भारतात परतणार होता आणि त्याची त्याच वर्षाची सोलारा तो माफक किमतीत द्यायला तयार होता. बदल करावा की नाही, या विचारात असलेला मुलगा मला म्हणाला, "बाबा, तुम्ही जन्मभर खरेदीचे तुलनात्मक तक्ते केलेत. हाही एक करा." माझी बरीच वर्षे भांडार-खरेदीच्या फायलींत गेलेली. काम आवडीचे होते. कागदावर तीन रकाने आखले : आराम, गुणवत्ता, मोल.

आरामात सोलारा पुढे होती. तिची चाल मऊ, आतली शांतता उत्तम. लांबच्या रस्त्यावर दिवाणखान्यात बसल्यासारखे वाटे. अकॉर्डची चाल किंचित कडक, पण वळणावर ती चालकाच्या हाताला नेमके उत्तर देई. गुणवत्तेत दोन्ही घराण्यांचा लौकिक मोठा. तथापि तो अगदी निष्कलंक होता असे नाही. आधीच्या पिढीतील टोयोटाच्या काही इंजिनांत तेलाचा गाळ साचण्याच्या तक्रारी झाल्या आणि २००२ मध्ये कंपनीला त्यांच्या दुरुस्तीसाठी विशेष योजना जाहीर करावी लागली. होंडाने २००४ मध्ये गिअरपेटीतील दोषासाठी सुमारे ११ लाख गाड्या तपासणीकरिता परत बोलावल्या. ज्या कंपन्या दोष मान्य करून निस्तरतात, त्यांना गुण कापताना हात आखडता घ्यावा, असा माझा कार्यालयीन अनुभव. म्हणून इथे बरोबरी धरली. मोलाच्या रकान्यात इंधन, विमा, सुटे भाग आणि पुन्हा विकताना मिळणारी किंमत लिहिली. दोन दारांच्या गाडीला गिऱ्हाईक कमी, ही बाब दोन्हींना सारखीच लागू होती.

तक्ता पूर्ण करून मी तो जेवणाच्या टेबलावर ठेवला. सौ.ने तो वाचला आणि विचारले, "अहो, मागे बसून पाहिलंत का?"

मी पाहिले नव्हते. आम्हाला तिथे येऊन तीन आठवडे झाले होते. रोज फिरायला जात होतो आणि रोज मी पुढे बसत होतो. तिने तक्रार केली नव्हती म्हणून माझ्या तक्त्यात ती बाब आली नव्हती. तिच्या गुडघ्याचे दुखणे मला अर्थातच ठाऊक होते.

पुढच्या रविवारी सिनसिनाटीला जाताना मी मागे बसलो. दोन तासांचा रस्ता. आधी पुढचे आसन झुकवून सरकवायचे, मग वाकून, एक पाय आत टाकून, अंग आवळून शिरायचे. खिडकी उघडत नाही. छत उतरते, म्हणून डोके काचेजवळ. उतरताना पुढच्याने आधी उतरून वाट करून द्यावी लागते. आपल्या इच्छेने उतरता येत नाही. त्या रात्री मी दोन्ही गाड्यांची मापे पाहिली. चार दारांच्या अकॉर्डपेक्षा तिच्या कूपेतील चाकांमधले अंतर पावणेतीन इंचांहून थोडे अधिकच कमी होते आणि मागे पाय ठेवण्याची जागा सुमारे पाच इंचांनी कमी होती. पुढच्या आसनांच्या जागेत मात्र काही काटछाट नव्हती. सोलारा अधिक लांब असल्याने तिच्यात मागे पायांना काही बोटे जागा जास्त मिळे, पण दारे तिलाही दोनच. चार दारांच्या गाडीइतकेच पैसे मोजून ग्राहक कमी जागा घेत होता, आणि जे कमी झाले ते त्याला स्वतःला कधी जाणवत नव्हते.

मी तक्ता पुन्हा केला. या वेळी प्रत्येक रकान्याचे दोन भाग पाडले, पुढचे आसन आणि मागचे आसन. पहिल्या तक्त्यातील आकडे चुकीचे नव्हते, पण ते एकाच जागी बसून घेतलेले होते. मुलाने शेवटी सोलारा घेतली नाही. दोघांसाठी अकॉर्ड पुरेशी आहे, असे त्याचे म्हणणे पडले, आणि दोघांपुरते ते खरेच होते. आमच्या उरलेल्या मुक्कामात पुढचे आसन सौ.चे झाले.

मध्यम कूपे अखेर का संपली, याचे उत्तरही मला मागच्या आसनातच सापडते. एके काळी अमेरिकेतील आईबाप दोन दारांची गाडी मुलांसाठी सुरक्षित मानीत, कारण मागे बसलेल्या मुलाच्या हाताशी उघडण्याजोगे दारच नसे. पुढे लहान मुलांना खास आसनात बांधूनच न्यावे, असे कायदे झाले. टेनेसी राज्यात असा पहिला कायदा १९७८ मध्ये लागू झाला आणि १९८५ पर्यंत तो सर्व राज्यांत पोहोचला. मूल उचलून, पुढच्या आसनाआडून वाकून, मागे बांधायचे, हा व्यायाम दिवसातून चार वेळा कोण करणार? त्यातच उंच बांध्याच्या, चार दारांच्या गाड्यांची आवड वाढली. मॉन्टे कार्लो २००७ मध्ये बंद झाली. सोलारा कूपे २००८ मध्ये थांबली. निसानने २००८ सालासाठी आणलेली 'अल्टिमा'ची कूपे २०१३ नंतर राहिली नाही. अकॉर्डची कूपे सर्वांत चिवट ठरली, पण २०१७ हे तिचेही शेवटचे वर्ष झाले. महागड्या जर्मन मोटारींत दोन दारांचा प्रकार आजही आढळतो. मध्यम किमतीच्या कौटुंबिक गाडीचा तो घाट मात्र इतिहासजमा झाला. गंमत अशी की, २००४ मध्ये मर्सिडीज-बेंझने चार दारांच्या गाडीलाच 'कूपे' म्हणून बाजारात आणले आणि इतरांनी त्याचे अनुकरण केले. दारे परत आली, उतरते छत तसेच राहिले.

आपल्या देशात हा प्रश्न फार लवकर सुटला होता. मद्रासच्या 'स्टँडर्ड' कंपनीने १९६१ पासून 'हेराल्ड' ही मोटार काढली. मूळ ब्रिटिश गाडी दोन दारांची, म्हणून आपलीही दोन दारांची. पुढे साठच्या दशकाच्या उत्तरार्धात तिला खास भारतासाठी चार दारे देण्यात आली. बंगळूरच्या 'सिपानी'ने ऐंशीच्या दशकात 'डॉल्फिन' ही दोन दारांची छोटी गाडी आणली. तिचाही पुढे चार दारांचा अवतार निघाला. ज्या घरात आजी, आत्या आणि पाहुणे यांच्यासह प्रवास होतो, तिथे मागच्या आसनाला मत असते. याचे श्रेय आपल्या उदारपणाला द्यावे असे मला वाटत नाही. घरात माणसे जास्त होती, इतकेच. त्याच घरांत मागच्या आसनावर मधोमध अवघडून कोण बसे, हेही आठवून पाहावे.

२०१५ मध्ये नातू झाला आणि मुलाने अकॉर्ड विकली. विकण्यापूर्वी त्याने तिचे एक छायाचित्र पाठवले. गाडी देखणी होती, हे मी आजही मान्य करतो. ज्याला एकट्याने किंवा दोघांनी दूर जायचे आहे, त्याच्यासाठी तिच्याइतकी समाधानाची वस्तू मध्यम किमतीत दुसरी क्वचितच असेल. माझे दोन्ही तक्ते अजून कपाटातल्या फायलीत आहेत. दुसऱ्या तक्त्याच्या खाली सौ.च्या हस्ताक्षरात एक ओळ आहे : 'तपासले, बरोबर.' खरेदीच्या फायलींवर असे शेरे मी हजारो वेळा मारले असतील. तपासण्याचा अर्थ काय, हे मात्र निवृत्तीला थोडी वर्षे उरली असताना कळले.