वळण सुटले, चिखल उरला

बैलगाडीची दोन्ही चाके एकाच आसावर असली तरी आपापली फिरतात. वळणावर बाहेरचे चाक अधिक अंतर कापते, आतले मागे रेंगाळते, आणि गाडीवानाला त्याचा पत्ताही नसतो. जोर बैलांच्या खांद्यांत असतो, चाकांत नव्हे. तो यंत्रातून आसात आला, तेव्हा मात्र पंचाईत झाली. १८२७-२८ च्या सुमारास फ्रान्समधील ओनेसिफोर पेकर या घड्याळजीने वाफेच्या गाडीसाठी दातेरी चाकांची एक जुळणी योजली. तीच आजची डिफरन्शियल होय. तिने वळण सोडवले, चिखलाचे काय? दोन्ही चाकांना ती सारखाच जोर देते. म्हणून एक चाक निसरड्यावर गरगरू लागले की त्याला पेलतो तेवढाच तुटपुंजा जोर दुसऱ्यालाही मिळतो. पावसात काळ्या रानात फसलेला ट्रॅक्टर पाहिलेल्या आम्हां नगरकरांना हे अधिक सांगायला नको.

यावर निघालेल्या दोन तोडग्यांना सरसकट एकच समजण्याची चाल पडली आहे. ती आम्हांस मान्य नाही.

पहिला शर्यतीच्या मैदानावरचा. ऑटो युनियनच्या शर्यतीच्या मोटारीचे मागचे चाक भर वेगातही जागीच घसरे, म्हणून फर्डिनांड पोर्शे यांनी १९३५ साली झेड. एफ. या जर्मन कारखान्याकडून ‘लिमिटेड स्लिप’ डिफरन्शियल करवून घेतली. या जातीत घर्षणाने चाकांची फारकत आवरली जाते. समजा, तिचे प्रमाण तिप्पट आहे आणि घसरते चाक दहा भाग जोर पेलते, तर दुसऱ्याला तीस भाग मिळतात. पण चाक हवेतच लोंबकळले तर शून्याची तिप्पट शून्यच! आतल्या स्प्रिंगांच्या दाबाने काय पदरात पडेल तेवढेच.

आपोआप जखडणारी डिफरन्शियल असा हिशेब मांडीत नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी लष्करी वाहनांत आलेल्या ‘नोस्पिन’ जातीत दोन्ही चाके मुळातच जखडलेली असतात. वळणावर बाहेरचे चाक पुढे धावू लागले की तेवढ्यापुरते त्याचे दाते सुटतात आणि आतले एकटे गाडी ओढते. एक चाक अधांतरी राहिले तरी सारा जोर दुसऱ्याला मिळू शकतो. याची किंमतही आहे: वळणावर खट्‌कन धक्का बसतो, टायर झिजतात. डांबरी रस्त्यावर आम्ही लिमिटेड स्लिपच पसंत करू.

१९७३ साली जनरल मोटर्सच्या गाड्यांत ईटनची उलट तऱ्हेची जखडण आली. ही एरवी मोकळी असते. चाकांच्या वेगात मिनिटाला सुमारे शंभर फेऱ्यांचा फरक पडला की आतली वजने उसळून ती बंद होते. म्हणजे चाक आधी थोडे घसरू द्यावेच लागते. २०१५ साली महिंद्राच्या थारमध्ये मागच्या आसाला हीच जात बसली.

१९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरचा सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा ऊस बैलगाडीने येई. पुढे ट्रॅक्टर आले. त्यांत हे वजनांचे काम चालकाचा पाय करतो: चाक फिरू लागण्यापूर्वीच तो जखडणीचा पेडल दाबतो आणि बांधाशी वळताना पाय उचलतो.