तंत्रिका कोशिका सिद्धांत
तंत्रिका तंत्र हे सलग तंतुजाल नसून स्वतंत्र कोशिकांचे (पेशींचे) बनलेले आहे, असे प्रतिपादन करणारा सिद्धांत. इटालियन वैद्य कामीलो गॉल्जी (१८४३–१९२६) यांनी १८७३ मध्ये शोधून काढलेल्या रंजन पद्धतीत चांदीच्या लवणामुळे मोजक्याच कोशिका सर्व शाखांसह काळ्या दिसतात. या कोशिकांचे अक्षतंतू एकमेकांत मिसळून जाळे बनते, असे त्यांचे मत होते. स्पॅनिश शास्त्रज्ञ सांत्यागो रामोन ई काहाल (१८५२–१९३४) यांना मात्र १८८८ मध्ये याच पद्धतीने पक्ष्यांच्या लहान मेंदूत तंतूंची टोके मोकळी आढळली. दोघांना १९०६ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्या प्रसंगीच्या व्याख्यानातही गॉल्जी यांनी या सिद्धांतास विरोध केला.

कोशिका स्वतंत्र असतील, तर त्यांचे तंतू वाढत जाऊन इतर कोशिकांशी जोडले गेले पाहिजेत. काहाल यांनी १८९० मध्ये कोंबडीच्या भ्रूणात वाढत्या तंतूच्या टोकाशी असलेल्या शंकूचे वर्णन केले. परंतु ते मृत ऊतकावरून केलेले अनुमान होते. अमेरिकन प्राणिशास्त्रज्ञ रॉस हॅरिसन यांनी १९०७ मध्ये बेडकाच्या भ्रूणातील ऊतक लसीकेच्या थेंबात जिवंत ठेवून तंतूची वाढ प्रत्यक्ष पाहिली. कोशिकांमधील सु. २० नॅनोमीटर रुंदीची फट १९५० नंतरच्या दशकात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने दिसली. काही कोशिका सूक्ष्म मार्गांनी थेट जोडलेल्या असतात, हेही पुढे आढळले.

मानसिक व्यायामाने कोशिकांमधील जोडण्या दृढ होतात, ही काहाल यांची १८९४ मधील कल्पना होती. वारंवार उद्दीपनाने अशा जोडण्यांची क्षमता दीर्घकाळ वाढते, हे १९७३ मध्ये सशांवरील प्रयोगांतून सिद्ध झाले.