प्रयोगहक्क (नाटकाचा)
नाटकाचा जाहीर प्रयोग करण्याचा किंवा तशी परवानगी देण्याचा नाटककाराचा कायदेशीर हक्क. प्रताधिकार अधिनियम, १९५७ नुसार तो लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. कथेचे नाट्यरूपांतरही याच कायद्याखाली येते. उदाहरणार्थ, जबलपूरचे व्यंगकार हरिशंकर परसाई १९९५ मध्ये वारले. त्यांच्या कथांच्या नाट्यरूपांतरास २०५५ अखेरपर्यंत हक्कधारकाची संमती लागते. हौशी मंडळाने प्रेक्षकांकडून पैसे न घेता केलेल्या प्रयोगास सूट आहे. विनापरवाना प्रयोगाविरुद्ध न्यायालयातून मनाई हुकूम व नुकसानभरपाई मिळवता येते. जाणूनबुजून केलेल्या भंगास ६ महिने ते ३ वर्षे कैद व दंडाची तरतूद आहे. छापील संहिता विकत घेतल्याने प्रयोगहक्क मिळत नाही. लेखी परवानगी व मानधन हा लेखकाच्या श्रमांचा मान होय.